विश्लेषण : मोबाइलवर ‘मूर्तिजापूर’ आणि ‘वऱ्हाड’ नीट उमटतात, ते कोणाच्या मेहनतीने?

मोबाइलवर ‘मूर्तिजापूर’ हे नाव वाचताना त्यात काही अवघड आहे, असे कोणालाही वाटत नाही. संगणकासाठी मात्र या शब्दात रफार आणि पहिली वेलांटी यांची एकाच अक्षरावर गाठ पडते. ‘वऱ्हाड’ आणि ‘शेतकऱ्यांना’ या शब्दांची तऱ्हा आणखी वेगळी. हे शब्द पडद्यावर बरोबर जुळवणारी सर्वाधिक वापरातली यंत्रणा ओपन सोर्स, म्हणजे मुक्तस्रोत आहे. तिचा कोड कोणीही उघडून वाचू शकतो, त्यातली चूक शोधू शकतो आणि दुरुस्ती सुचवू शकतो. पण दुसऱ्याने लिहिलेला, कधी न पाहिलेला कोड समजून घेऊन त्यातली नेमकी चूक पकडायची कशी? आणि मराठीच्या बाबतीत हे काम मराठी वाचकाविना अपुरे का राहते?

‘मूर्तिजापूर’ हा शब्द अवघड का?

युनिकोड पद्धतीत मराठी मजकूर साधारणपणे उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. ‘मूर्तिजापूर’ साठवताना म, ऊकार, र, पाय मोडण्याचे चिन्ह, त, वेलांटी, ज, काना, प, ऊकार, र अशी ११ चिन्हे एकापुढे एक ठेवली जातात. वाचकाला दिसणारा क्रम मात्र वेगळा असतो. ‘त’नंतर साठवलेली वेलांटी ‘त’च्या आधी काढावी लागते. ‘त’च्या आधी साठवलेला ‘र’ रफार होऊन ‘त’च्या डोक्यावर जातो. म्हणजे मागचे पुढे आणि पुढचे वर, अशी हलवाहलव प्रत्येक वेळी पडद्यामागे करावी लागते.

ही हलवाहलव चुकली, तर रफार सुटून ‘र’ पाय मोडलेला दिसतो, वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते किंवा ठिपक्यांचे एक वर्तुळ मध्येच उगवते. स्मार्टफोनच्या सुरुवातीच्या काळात मराठी मजकूर असा तुटलेला दिसणे नेहमीचे होते. आजही एखाद्या ॲपमध्ये, छापील पावतीवर किंवा पीडीएफमध्ये असे नमुने आढळतात.

‘वऱ्हाड’ची अडचण कोणती?

मराठीत अर्धा ‘र’ दोन रूपांत येतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, त्यात रफार असतो. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा, त्यात आडवा, पापणीच्या केसासारखा ‘र’ असतो. इंग्रजीत या आकाराला ‘आयलॅश’ म्हणूनच ओळखतात. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतही तोच फरक. एक गुरुजींना, दुसरा स्वयंपाक्याला. हिंदीत या भेदाची गरज पडत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या तपासणीतून मराठीची ही गरज सहज निसटते.

युनिकोडमध्ये हा आडवा ‘र’ लिहिण्याचा मुख्य मार्ग म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरून त्याचा पाय मोडणे. दुसरा मार्ग साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे जोडणीचे एक अदृश्य चिन्ह ठेवण्याचा आहे. जुन्या मजकुराशी सुसंगती राहावी म्हणून तोही मान्य आहे. दोन्ही मार्गांनी लिहिलेला ‘वऱ्हाड’ डोळ्यांना सारखाच दिसतो. यंत्राला मात्र एकात ६ चिन्हे दिसतात, दुसऱ्यात ७. शोधयंत्रणेने हा फरक सांभाळला नाही, तर एका पद्धतीने टाकलेले ‘वऱ्हाडे’ किंवा ‘गोऱ्हे’ हे आडनाव दुसऱ्या पद्धतीने शोधल्यावर सापडत नाही. लाभार्थ्यांची यादी असो वा मतदारयादी, ‘नाव नाही’ असे उत्तर मिळालेल्या माणसाला यामागे एक अदृश्य चिन्ह असू शकते, हे कळण्याचा मार्ग नसतो.

अक्षरांची ही जुळणी कोण करते?

हे काम करणाऱ्या यंत्रणेचे नाव हार्फबझ. ओपनटाइप या फॉन्ट-तंत्राच्या नावाचे हे फारसी रूप. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाझ’ म्हणजे उघडे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस यांत मजकूर जुळवण्यासाठी हार्फबझ वापरली जाते. तिची आजची मांडणी प्रामुख्याने बेहदाद एस्फहबोद या इराणमध्ये जन्मलेल्या प्रोग्रामरची. मोझिलाचे जोनाथन क्यू यांच्यासह इतरांनीही त्यात भर घातली.

भारतीय लिप्यांसाठी काय बरोबर मानायचे, हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न होता. लेखी नियम होते, पण अपुरे. बाजारातले बहुतेक फॉन्ट मायक्रोसॉफ्टच्या यूनिस्क्राइब या यंत्रणेवर तपासून बनवलेले होते आणि तिचा कोड बंद होता. तेव्हा मार्ग उरला तो बाहेरून पारखण्याचा. विकिपीडियाच्या पानांतून काढलेले शब्द दोन्ही यंत्रणांना द्यायचे आणि उत्तरे जुळतात का ते पाहायचे. देवनागरीसाठी अशा ७ लाखांहून अधिक शब्दांची चाचणी होत असे. २०१२च्या सुमारास केलेल्या बदलांच्या नोंदींत किती शब्द जुळले आणि किती चुकले, याचे आकडे भाषावार लिहिलेले आढळतात. हार्फबझच्या चाचण्यांत यूटीआरआरएस नावाचा एक नमुनासंचही आहे. तो रेड हॅटच्या भाषा-अभियांत्रिकी चमूच्या कामातून आला. या चमूचे मोठे केंद्र पुण्यात होते.

यातले सगळेच स्वयंसेवक नव्हते. रेड हॅट, मोझिला, गुगल यांसारख्या संस्थांचे पगारी अभियंते या कामात होते. मुक्तस्रोत प्रकल्पांचे वास्तव बहुधा असेच असते. मधला गाभा मोजके पगारी किंवा अर्धपगारी लोक सांभाळतात आणि त्याभोवती चुका कळवणारे, चाचण्या लिहिणारे, छोट्या दुरुस्त्या पाठवणारे स्वयंसेवक असतात.

अनोळखी कोड समजणे कठीण का असते?

डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते, प्रोग्राम म्हणजे केवळ लिहिलेल्या ओळी नव्हेत. तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात जी समज तयार होते, तोच खरा प्रोग्राम. अमुक भाग असाच का केला, तमुक मार्ग का सोडला, हे ओळींत पूर्ण उतरत नाही. लिहिणारे निघून गेले की कोड उरतो आणि समज हरवते. नव्याने आलेल्या माणसाला ती पुन्हा उभी करावी लागते.

म्हणून कादंबरीसारखा पहिल्या पानापासून कोड वाचायला बसणारा नवखा बहुतेक वेळा हार मानतो. मोठ्या प्रकल्पांत हजारो फायली असतात. लिनक्सच्या गाभ्यात तर कोट्यवधी ओळी आहेत. अनुभवी माणूस सगळे वाचत नाही. तो एक प्रश्न घेऊन आत शिरतो आणि त्या प्रश्नाला लागेल तेवढेच वाचतो. हे आपलेच बोल लावण्यासारखे नाही, रोजच्या जगण्यातही तसेच घडते. नव्या गावात पाहुणा आला की तो आधी सगळे गाव पालथे घालत नाही, ज्या घरी जायचे त्या घराची वाट विचारतो.

चूक शोधण्याची सुरुवात कोठून होते?

शेतातली मोटार बंद पडली की जाणता इलेक्ट्रिशियन लगेच मोटार वर काढत नाही. डीपीवर वीज आहे का, फ्यूज शाबूत आहे का, स्टार्टर उचलतो का, केबल कोठे तुटली का, असे एकेक पाहत तो दोषाची जागा आवळत नेतो. प्रोग्रामची चूकही अशीच पकडली जाते.

समजा, एका ॲपमध्ये ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द चुकीचा दिसतो. संशयित पाच आहेत : कळफलकाने चुकीची चिन्हे टाकली, साठवताना अदृश्य चिन्ह गळाले, फॉन्टमध्ये आडव्या ‘र’चा आकारच नाही, जुळणी करणारी यंत्रणा चुकली, किंवा ॲपने शब्द मध्येच तोडला. तोच मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नीट दिसला, तर संशय पहिल्या फॉन्टवर जातो. तोच मजकूर आणि तोच फॉन्ट दुसऱ्या ॲपमध्ये नीट दिसला, तर संशय ॲपवर किंवा त्यातल्या जुळणी यंत्रणेवर येतो. हार्फबझसोबत ‘एचबी-शेप’ नावाचे एक छोटे साधन मिळते. त्याला फॉन्ट आणि शब्द दिला की कोणते आकार, कोणत्या क्रमाने निवडले गेले, याची यादी ते देते. ॲपला बाजूला ठेवून नेमकी जुळणी तपासता येते.

पहिली पायरी म्हणजे चूक हमखास पुन्हा घडवता येणे. ‘कधी कधी बिघडते’ अशा तक्रारीवर कोणी काम करू शकत नाही. दुसरी पायरी नमुना लहान करण्याची. पूर्ण बातमीऐवजी एक परिच्छेद, परिच्छेदाऐवजी एक शब्द, शब्दाऐवजी एकच अक्षर उरेपर्यंत छाटत जायचे. ‘मूर्तिजापूर’मधले फक्त ‘र्ति’ दिल्यावरही चूक दिसत असेल, तर बाकीची सगळी यंत्रणा संशयातून सुटते. अनेकदा निम्मे कोडे येथेच उलगडते.

हजारो बदलांतून एक चुकीचा बदल कसा सापडतो?

बहुतेक मुक्तस्रोत प्रकल्प गिट या प्रणालीवर चालतात. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ मध्ये तयार केली. तिच्यात प्रत्येक बदलाची तारीख, बदल करणाऱ्याचे नाव आणि कारण यांची नोंद राहते. एखादी विचित्र ओळ का लिहिली गेली, हे कळायचे असेल, तर ती ज्या बदलात आली त्याची नोंद काढून वाचता येते. अनोळखी कोडमधली हरवलेली समज पुन्हा मिळवण्याचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग. निरर्थक भासणारी ओळ एखाद्या भाषेतल्या एकाच जोडाक्षरासाठी घातलेली असते, हे नोंद वाचल्यावरच कळते. ती न वाचता ओळ काढून टाकणारा एक चूक दुरुस्त करतो आणि दुसरी तयार करतो.

गतवर्षी नीट चालणारा शब्द आज बिघडला असेल आणि मध्ये १ हजार बदल झाले असतील, तर सगळे तपासण्याची गरज नसते. मधला बदल घ्यायचा. तेथे शब्द नीट असेल, तर दोष पुढच्या निम्म्यात, नसेल तर मागच्या निम्म्यात. दर वेळी निम्मे बदल बाद होतात आणि साधारण १० तपासण्यांत दोषी बदल हाती लागतो. गिटमध्ये यासाठी ‘बायसेक्ट’ ही आज्ञाच आहे. हे करण्यासाठी पूर्ण कोड समजलेला असण्याची गरज नाही. शब्द बरोबर आहे की चूक, एवढे ठामपणे सांगता आले पाहिजे.

दुरुस्तीसोबत चाचणी जोडणे, ही शेवटची आणि सर्वाधिक टाळली जाणारी पायरी. चुकलेला शब्द आणि त्याचे अपेक्षित रूप प्रकल्पाच्या चाचण्यांत टाकले की पुढे कोणीही काही बदलले, तरी तो शब्द आपोआप तपासला जातो. दुरुस्ती एकदा उपयोगी पडते, चाचणी कायमची राखण करते.

अर्ध्या सेकंदाने काय उघड झाले?

अनोळखी कोडमध्ये शिरण्याचे महत्त्व मार्च २०२४ मध्ये साऱ्या जगाला दिसले. अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे, मायक्रोसॉफ्टमधील अभियंता. आपल्या कामाच्या चाचण्या घेताना दूरच्या संगणकावर प्रवेश मिळायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, असे त्यांच्या लक्षात आले. ते सुरक्षातज्ज्ञ नव्हते आणि दोष त्यांच्या कोडमध्येही नव्हता. तरीही त्यांनी माग काढला. तो एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या, जवळपास प्रत्येक लिनक्स प्रणालीत असलेल्या प्रकल्पापर्यंत पोहोचला. त्याच्या नव्या आवृत्त्यांत चोरदरवाजा दडवलेला होता, तोही चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींमध्ये. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी ते जाहीर केले. बहुतेक स्थिर प्रणालींत तो पोहोचण्याआधीच थोपवला गेला.

या घटनेची दुसरी बाजूही आहे. हा प्रकल्प अनेक वर्षे प्रामुख्याने एकच माणूस सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त दुरुस्त्या पाठवून त्याचा विश्वास मिळवला आणि मग घात केला. कोड सर्वांसाठी खुला होता, पण तो नीट वाचणारे मोजकेच होते. खुलेपणामुळे तपासणी शक्य होते, ती आपोआप होत नाही.

हौशी मदतीचा त्रास कधी होतो?

ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत होता. परिणामी जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा मारा झाला. कोणी माहितीपत्रात ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असे शब्द घातले, कोणी एखादे विरामचिन्ह हलवले. त्यात भारतीय विद्यार्थ्यांचा वाटा मोठा असल्याची टीका झाली. अखेर प्रकल्पांनी स्वतःहून सहभाग नोंदवला तरच बदल मोजले जातील, असा नियम आयोजकांना करावा लागला.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने या त्रासात भर घातली आहे. कर्ल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी यंत्राकडून लिहून घेतलेल्या, वाचायला भारदस्त पण तथ्यहीन अहवालांबद्दल २०२५ मध्ये वारंवार जाहीर तक्रार केली. असा प्रत्येक अहवाल वाचून खोटा ठरवायला स्वयंसेवकांचे तास खर्ची पडतात. अनोळखी कोडची ओळख करून घ्यायला ही साधने मदत करू शकतात. पण चूक स्वतः घडवून न पाहता पाठवलेला अहवाल म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात टाकलेला कचराच ठरतो.

मराठी वाचकाची गरज कोठे लागते?

सी++ जाणणारे लोक जगात लाखोंनी आहेत. ‘कुऱ्हाड’, ‘गुऱ्हाळ’, ‘ऱ्हस्व’ हे शब्द पडद्यावर बरोबर दिसतात की नाही, हे एका नजरेत सांगणारे त्यांच्यात किती? यंत्राच्या दृष्टीने चुकीचा शब्दही काही चिन्हांची वैध रांगच असते. तो चुकला, हे वाचणारा माणूसच सांगू शकतो. तोही बहुतेकदा ‘मोबाइल असाच आहे’ म्हणत पुढे सरकतो. तक्रार न नोंदलेली चूक प्रोग्रामरच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

ही उदासीनता महागात पडते. सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, रेशन असे सगळे व्यवहार पडद्यावर आले आहेत. नावातले एक जोडाक्षर बिघडले की माणसाला दुरुस्तीसाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. सरकारी प्रणालींचे कोड बहुतांशी बंद असतात. तेथे नागरिकाच्या हाती अर्जापलीकडे काही नाही. पण त्यांच्याखाली असलेले फॉन्ट, जुळणी यंत्रणा आणि ब्राउझर अनेकदा मुक्तस्रोत असतात. तेथे झालेली एक दुरुस्ती सर्वांपर्यंत पोहोचते.

वऱ्हाडातील विद्यार्थ्यांना काय करता येईल?

अमरावती, अकोला, शेगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तेथे दरवर्षी अंतिम वर्षाचे प्रकल्प होतात. त्यातले बरेच गुण मिळाले की बासनात जातात. त्याऐवजी एका चालू मुक्तस्रोत प्रकल्पातली मराठीची एक खरी चूक घेतली, ती घडवून दाखवली, लहान केली, चाचणीसह दुरुस्ती पाठवली आणि ती स्वीकारली गेली, तर तो प्रकल्प कोट्यवधी फोनवर जगेल. दुरुस्ती नाकारली गेली, तरी का नाकारली याची चर्चा वाचणे हे मोठे शिक्षण आहे. नोकरीत लागणारे मुख्य कौशल्यही हेच असते. नव्या माणसाला कोरी पाटी क्वचितच मिळते. बहुतेकांना दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोडच सांभाळावा लागतो.

यासाठी विद्यापीठाने अशा कामाला प्रकल्प म्हणून गुण द्यायला हवेत आणि मराठीच्या प्राध्यापकांनी संगणक विभागाचा उंबरा ओलांडायला हवा. रफार कोठे आणि आडवा ‘र’ कोठे, हे सांगणारा जाणकार आणि कोड उघडणारा विद्यार्थी एका टेबलावर बसले, तर निम्मे काम होते. ज्यांना कोड येत नाही, त्यांनाही वाटा उचलता येतो. चुकलेला शब्द, ॲपचे आणि फोनचे नाव, पडद्याचे चित्र आणि शब्द कसा दिसायला हवा, एवढे नीट लिहून कळवले, तरी शोधणाऱ्याचे काही तास वाचतात.

मूर्तिजापूर तालुक्यात मामांच्या घरी वाढलेल्या गाडगेबाबांनी कोणी न सांगता परक्या गावांचे रस्ते झाडले. रस्ता ज्याच्या वापराचा, त्यानेच तो झाडावा, असा धडा त्यातून घेता येतो. मराठी अक्षरांचा हा रस्ता रोज वापरणारे आपणच आहोत. तो कोणी इराणी, ब्रिटिश किंवा अमेरिकी अभियंता कायम झाडत राहील, ही अपेक्षा ठेवणे योग्य नाही.